केमन पावसात मिसिंग मारते: सहा कॉइल, ईसीयू की आणखी काही?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: २००८ सालची पोर्शे केमन, २.७ लिटरचं इंजिन, हाताचे गिअर, मुंबईहून सेकंडहँड आणलेली, मीटरवर ६१ हजार. जुलैपासून गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही (मिसफायर) आणि झटका बसतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, एकदोनदा लुकलुकलाही. स्कॅनरवर पी०३००, पी०३०४ आणि पी०३०६ असे तीन कोड. एका गॅरेजवाल्याने सहाच्या सहा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा पार्ट) बदला म्हटलं, दुसऱ्याने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणून सव्वातीन लाखांचा आकडा सांगितला, आणि रात्री मोबाइल घेऊन बसलात तेव्हा या इंजिनांत सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात असंही वाचलंत. यातलं खरं काय आणि घरी आपल्या हाताने काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

पण एक वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलं: गाडी धुतली की दुसऱ्या दिवशी जास्त मिसिंग मारते, चार दिवस ऊन पडलं की जवळजवळ बंद होते. माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. दोघांनीही तुम्हाला कोणता पार्ट गेला ते सांगितलं. कधी होतं, हे एकानेही विचारलेलं दिसत नाही.

माझं गॅरेज हिंगणा रोडला आहे, सव्वीस वर्षं झाली. सुरुवात प्रीमियर पद्मिनीच्या पॉइंटला पॉलिश पेपर मारण्यापासून केली. नागपुरात स्पोर्ट्स कार मोजक्याच. केमन आणि बॉक्सस्टर मिळून माझ्या हाताखालून पाच-सहा गेल्या असतील. पण कॉइल सगळीकडे एकाच तत्त्वावर चालते, आणि पाणी कुठल्याही कंपनीच्या बोनेटवरचा बिल्ला बघून आत शिरत नाही. गाडी माझ्यासमोर उभी नाही, तेव्हा पुढचं सगळं 'बहुतेक' हा शब्द धरून वाचा. वायरिंगला आधी कोणी हात लावलाय का, कॉइल मूळच्याच आहेत की मधे बदलल्या आहेत, प्लग शेवटचे कधी टाकले, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचं. दिवा स्थिर लागला तर गाडी जपून घरी आणा. लुकलुकला तर अर्थ वेगळा: न जळलेलं पेट्रोल आणि हवा थेट धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातेय आणि तिथे जाऊन जळतेय. आतल्या जाळीचं तापमान हजार अंशांच्या घरात गेलं की जाळी खराब व्हायला लागते, त्याच्या बरंच पुढे गेलं की वितळते. कॉइलचा खर्च कन्व्हर्टरच्या खर्चापुढे चहापाण्याचा आहे. म्हणून दिवा लुकलुकला की पाय सैल सोडा, भार काढा, आणि लुकलुकणं थांबत नसेल तर गाडी कडेला घेऊन ट्रक बोलवा. 'समृद्धी'वर १२० ची परवानगी आहे म्हणून तसंच दामटत पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊ नका.

आता कोड म्हणजे काय ते बघू, कारण अर्धा गोंधळ इथेच होतो. पी०३०४ म्हणजे चौथ्या सिलिंडरची कॉइल गेली, असं बहुतेकांना वाटतं. ईसीयूला कॉइल दिसतच नाही. त्याला दिसतात क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला फ्लायव्हीलकडे असलेले दात. क्रँक सेन्सर ते दात मोजत असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक ढकल मिळते, वेग किंचित वाढतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्याच्या पाळीला वेग तेवढा कमी पडतो. चौथ्याच्या पाळीला वेग पडला की ईसीयू लिहितो पी०३०४. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं, व्हॉल्व्ह गळत होता की दाबच कमी होता, यातलं त्याला काही कळत नाही. पी०३०० म्हणजे पाळी निश्चित सांगता येत नाही किंवा एकापेक्षा जास्त सिलिंडर गुंतलेत.

तुम्हाला आठवत असेल, २०२४ च्या मेअखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर पारा ५६ अंशांवर गेला होता. दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर तोच आकडा फिरत होता. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. उकाडा खरा होता, आकडा खोटा होता. कोडचंही मी असंच धरतो. मिसफायर झाला हे खरं, पण कारण मात्र आपण जाऊन बघायचं.

तर ओल्याचा आणि मिसफायरचा संबंध काय? कॉइल गाडीच्या १२ व्होल्टांतून पंचवीस-तीस हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब तयार करते. त्या दाबाला प्लगच्या टोकाशी हवेची फट ओलांडून उडी मारायची असते. पण वीज आळशी असते. प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळाली की ती तिकडून जाते. कॉइलच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर पडली आणि त्या चिरेत ओल शिरली की वीज तिथूनच हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, धातूत उतरते. प्लगला ठिणगी मिळतच नाही, पेट्रोल तसंच बाहेर. ऊन पडलं, चीर वाळली, की पुन्हा गाडी शहाण्यासारखी चालते.

भार दिला की जास्त होतं, असंही तुम्ही लिहिलंय: टॉप गिअरमध्ये ओव्हरटेकला पाय दाबला की झटका. तेही यात बसतं. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबली जाते, आतला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. उभ्या गाडीत दहा-बारा हजारांत भागत असेल तर चढावर दुप्पट-तिप्पट. चिरलेली कॉइल दहा हजारांना टिकते, पंचवीस हजारांना फुटते. म्हणून गॅरेजमध्ये उभी असताना तुमची गाडी मऊसूत चालते आणि मेकॅनिक तुमच्याकडे संशयाने बघतो.

केमनमध्ये हे जास्त होतं, त्यामागे इंजिनची ठेवण आहे. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. त्यामुळे हेड दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून, आणि कॉइल त्या हेडवर आडव्या, मागच्या चाकांच्या जवळ आणि रस्त्यापासून फार उंच नाहीत. साध्या गाडीत कॉइल इंजिनच्या डोक्यावर, बोनेटखाली कोरड्यात बसलेली असते. इथे चाकाने उडवलेलं पाणी जवळपास थेट तिच्या अंगावर, आणि खालून एग्झॉस्टची धग. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर भाजून घ्यायचं आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या प्लास्टिकवर थंड पाणी. इतक्या वर्षांचं प्लास्टिक किती सोसणार?

आता बाकीच्या दोन निदानांकडे. ईसीयू बिघडतो, नाही असं नाही. पण बिघडलेला ईसीयू गाडी धुतल्याची वाट बघत नाही, तो ऊन-पाऊस न बघता त्रास देतो. अपवाद एकच, ईसीयूपर्यंतच पाणी पोचलेलं असेल तर. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, त्यानंतर महिनाभर माझ्याकडे अशाच गाड्या होत्या. तुमची गाडी मुंबईची आहे, तिथेही पाणी काही कमी नाही. म्हणून सीटखालचा गालिचा उचलून गाळाची रेघ दिसते का ते एकदा बघा, आणि दोन-चार कपलर (वायर जोडायचे प्लास्टिकचे जोड) उघडून पिनांवर हिरवट-पांढरा थर आहे का तेही. काहीच नसेल तर सव्वातीन लाख खिशात राहू द्या.

सिलिंडर घासले जाण्याची गोष्ट खोटी नाही. या काळातल्या पोर्शेच्या काही इंजिनांत ते होतं, आणि चार ते सहा नंबरची बाजू त्यात जास्त बदनाम आहे, म्हणून ४ आणि ६ हे आकडे बघून तुमचा जीव घाबरा झाला असणार. मोठ्या क्षमतेच्या इंजिनांत त्याचं प्रमाण जास्त, २.७ मध्ये कमी. पण लक्षणं बघा ना. घासलेला सिलिंडर ऑइल पितो, त्या बाजूचा प्लग काळा-ओला होतो, खालून टकटक ऐकू येते. आणि तो चार दिवस ऊन पडल्यावर बरा होत नाही. प्लग काढाल तेव्हा शंका मिटवायला त्याच भोकातून छोटा कॅमेरा आत घालून भिंत बघता येते. बोरस्कोप आता मोबाइलला जोडायचा मिळतो. ते जरूर करा, पण त्याआधी रात्रीची झोप घालवू नका.

एक गोष्ट मात्र पार्ट मागवण्याआधी तपासा, कारण ती फुकट आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवून मागच्या डिक्कीतलं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. थोडी ओढ असते. पण झाकण चिकटून बसलंय, जोर लावून उपटावं लागतंय आणि उघडताच इंजिन डगमगतंय असं झालं, तर ऑइल आणि हवा वेगळी करणारा सेपरेटर फाटलेला असू शकतो. मग सकाळी सुरू करताना पांढरा धूर आणि मिसफायर दोन्ही येतात, आणि लोक कॉइल बदलत बसतात.

बॅटरीही बघा. तुम्ही म्हणता गाडी तीन-तीन आठवडे बेसमेंटला उभी असते. व्होल्टेज कमी असलं की कॉइल पूर्ण भरत नाही आणि ठिणगी लेची पडते. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. आणि तीन आठवडे उभ्या गाडीत उंदीर! पावसाळ्यात गरम इंजिनसारखी जागा त्यांना दुसरी नाही. गेल्या वर्षी एका गाडीत मी इंजेक्टरची वायर कुरतडलेली काढली आणि शेजारी अर्धी खाल्लेली संत्र्याची साल. मालकाला फोटो पाठवला तर म्हणतो, "भाऊ, हा तर पक्का नागपूरचा निघाला!"

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त सोडतोय त्याचे, आकडे दिसतील, त्यावरून कोणी 'व्हॅक्यूम लीक' (कुठून तरी जादा हवा शिरतेय) म्हणून घाबरवेल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि २००८ च्या गाडीचा ईसीयू ते ट्रिम वाढवूनच करतो. दोन्ही बाजूंना सारखेच पाच-सात टक्के अधिक दिसले तर मी त्याला बिघाड म्हणत नाही. एकच बाजू पंधरा-वीसवर गेली असेल तर मात्र त्या बाजूला हवा कुठून शिरते ते शोधा. इथेनॉलवर आमच्या शहरात चर्चा सुरू झाली की चहा थंड होतो, म्हणून मी पान्यापुरतंच बोलतो.

आता मुख्य परीक्षा, अदलाबदलीची. ४ ची कॉइल काढून १ ला लावा, १ ची ४ ला. तसंच ६ आणि ३ ची अदलाबदल. प्लग जागच्या जागी. वायरिंग जागच्या जागी. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०१ आणि पी०३०३ असे आले तर दोष कॉइलबरोबर सरकला, खटला संपला. कोड ४ आणि ६ वरच बसून राहिले तर कॉइल निर्दोष. मग प्लग, मग कपलर आणि वायर, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), आणि शेवटी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब.

यात दोन खड्डे आहेत. पहिला: कॉइल काढून पुसून लावली की ती वाळते, आणि पुढचे आठ दिवस कुठलाच कोड येत नाही. लोक म्हणतात, कपलर सैल होता, बसवला, झालं! पुढच्या पावसात पुन्हा तेच. म्हणून अदलाबदल केल्यावर पाणी आपणच आणायचं. झाडांवर मारायचा स्प्रे घ्या. गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, इंजिन स्लोवर, आणि अंधार पडल्यावर एका वेळी एकाच कॉइलच्या अंगावर हलकासा फवारा मारा. इंजिन डगमगलं तर आरोपी सापडला. कधी कधी निळसर ठिणगी कॉइलच्या बुडाशी उड्या मारताना डोळ्यांनी दिसते. हात लांब, एग्झॉस्टपासून लांब, आणि स्प्रेच्या ऐवजी पाइप वापरायचा नाही.

दुसरा खड्डा केमनचा खास. ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्या मागे असतं, केमनमध्ये पुढे, आणि त्यासाठी ते उलटं फिरवून बसवलंय. त्यामुळे सिलिंडर नंबरची ९११ ची आकृती केमनला लावली की डावं-उजवं उलटं होतं. नेटवर बहुतेक आकृत्या ९११ च्या. बिचारा मेकॅनिक चुकीच्या बाजूची कॉइल बदलतो, कोड तसाच येतो, मग त्याला ईसीयूवर संशय येतो. तुमच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण त्यांनी कॉइल बदलून पाहिली असेल तर कोणत्या बाजूची ते विचारा. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलवरूनच नंबर पक्के करा आणि मार्करने हेडजवळ लिहून ठेवा.

मीटरने कॉइल तपासायच्या भानगडीत पडू नका. मीटर दोन-चार व्होल्टांनी ओहम मोजतो. चीर फुटते ती हजारो व्होल्टांना. चिरलेली कॉइल टेबलावर कोरडी ठेवली की मीटर तिला उत्तीर्ण करतो.

मी स्वतः या धड्याची फी भरलेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक टर्बो कूपे आली होती, चार सिलिंडरची. दोन नंबरला मिसफायर. मला घाई होती, मालकाला त्याहून जास्त. चारही कॉइल, चारही प्लग टाकले, बिल केलं, धंतोलीत गाडी पोचवली. बाराव्या दिवशी परत. मिसफायर दोन नंबरलाच. शेवटी निघालं काय, इंजेक्टरच्या कपलरचं लॉक तुटलं होतं. रस्ता खराब आला की कपलर अर्धा सूत मागे सरकायचा. दोन रुपयांची केबल टाय. मालक काही बोलला नाही, फक्त जुन्या चार कॉइल परत मागितल्या आणि माझ्यासमोर डिक्कीत ठेवल्या. त्याचं न बोलणं जास्त लागलं. तेव्हापासून दोष एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर सरकताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पार्टची ऑर्डर देत नाही.

समजा तुमच्याकडे दोष सरकला. मग दोनच कॉइल बदलायच्या की सहा? पहिल्या गॅरेजवाल्याचं इथे मी थोडं बरोबर धरेन, जरी त्याने ते न तपासता सांगितलं असलं तरी. कॉइल मूळच्याच असतील तर सहाही जणींनी सारखाच उन्हाळा आणि सारखाच पाऊस खाल्लाय. दोन फुटल्या, बाकीच्या रांगेत आहेत. शिवाय या गाडीत मेहनत सगळी पोचण्यात आहे, मागची चाकं काढा, खालचं आवरण काढा. एकदा पोचल्यावर सहा काय नि दोन काय. बजेट ताणलेलं असेल तर ४ आणि ६ आज, बाकी पुढच्या पावसाळ्याआधी. पण प्लग मात्र सहाही आजच. झिजलेल्या प्लगची फट वाढते, फट वाढली की कॉइलला जास्त व्होल्ट द्यावे लागतात, आणि तेच व्होल्ट नव्या कॉइलचं इन्सुलेशन खातात. माझ्याकडे अशा गाडीचे प्लग चार वर्षांनी निघतात, किलोमीटर कितीही झालेले असोत.

माल घेताना बिल आणि पार्ट नंबर जुळवून घ्या. नकली कॉइल दिसायला हुबेहूब असते. हातात घेतली की हलकी लागते आणि रबरी बूट प्लगवर ढिला बसतो. अर्ध्या किमतीत सहा मिळतायत म्हटलं की मला तिथेच उत्तर मिळतं.

घरी करता येईल का? हत्यारं आणि जागा असेल तर येईल, काम अवघड नाही पण किचकट आहे. सपाट जागा हवी, चारही जॅक स्टँड हवेत, नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, तुमच्या बेसमेंटच्या उतारावर तर अजिबात नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला की आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. हत्यारांत ५ ची एलन, १६ चा प्लग पाना, लहान-मोठी एक्स्टेंशन आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंच नसेल तर हे काम माझ्यासारख्या कोणाकडे तरी द्या.

प्रत्येक कॉइल दोन एलन बोल्टांवर असते. बोल्टच्या डोक्यात चिखल गच्च भरलेला असतो. तो टोकदार सळईने कोरून काढल्याशिवाय एलन घातली तर ती अर्धीच बसते आणि बोल्टचं डोकं गोल होतं. मग एका बोल्टपायी अख्खा रविवार. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. कपलरचं लॉक जुनं, ठिसूळ. जीभ अंगठ्याने दाबून कपलर धरून ओढा, वायर धरून नाही, आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं तर मुळीच नाही.

कॉइल बाहेर आली की लगेच बाजूला टाकू नका. जरा पुसा आणि टॉर्च तिरपा धरून सावकाश फिरवा. सरळ उजेडात चीर दिसत नाही. तिरप्या उजेडात अंगावर एक बारीक रेघ चमकते, नखाला जेमतेम लागेल इतकी. कधी तिच्या कडेला पांढरट भुकटी असते. बुटाच्या आत बघा: पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर वीज तिथून पळत होती. मग तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही असणार. म्हणूनच जुन्या प्लगवर नवी कॉइल लावायची नाही. ती काळी रेघ म्हणजे विजेसाठी तयार पायवाट, नवा बूटही चार दिवसांत तसाच जळतो.

प्लग सोडवण्याआधी भोकात हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. तिथली वाळू सिलिंडरमध्ये गेली तर जी भीती तुम्हाला आज आहे ती तुम्ही स्वतः खरी कराल. भोकात ऑइल साचलेलं दिसलं तर प्लगच्या नळीच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) गेल्यात. त्याही याच वेळी बदला, ऑइलमध्ये भिजलेला बूट फुगतो आणि सैल होतो. निघालेले प्लग वर्तमानपत्रावर १ ते ६ क्रमाने मांडा. फिका बदामी रंग असेल तर ठीक. काळा आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर तिथे ठिणगी पडत नव्हती. काळा आणि तेलकट असेल तर मग तो बोरस्कोप काढायची वेळ आली.

नवा प्लग आडवा आत जातो, म्हणून त्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि आटे तिरपे धरतात. माझ्या डब्यात पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा असतो. तो प्लगच्या मागच्या टोकावर चढवायचा आणि बोटांनी पाइप फिरवत प्लग आत न्यायचा. आटे तिरपे लागले तर पाइप प्लगवर घसरतो, जबरदस्ती होतच नाही. चार-पाच फेरे मऊ गेले की मग पाना. आट्यांना ग्रीस लावू नका, आजकालच्या प्लगना मुलामा असतो. ग्रीस लावून तोच टॉर्क दिला की प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. कोरड्या आट्यांना ३० न्यूटन मीटर. कॉइलच्या बोल्टांना फक्त १०. ते बोल्ट 'अजून जरा' म्हणून आवळले की नव्या कॉइलचे कान तिथेच तडकतात, हे माझ्या एका पोऱ्याने माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलंय. बुटाच्या आत तोंडाशी सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बारीक बोट फिरवा, कपलर 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. एक सिलिंडर पूर्ण करून मगच दुसरा. सगळे एकदम उघडून बसलं की कुठला कपलर कुठला, यावर घरात वाद होतात.

झाल्यावर कोड पुसा, इंजिन गरम होऊ द्या, आणि स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर उघडा. नुसता दिवा विझला यावर समाधान मानू नका, दिवा उशिरा लागतो, काउंटर आधी बोलतो. मग वर्धा रोडला एक चक्कर: टॉप गिअर, कमी आरपीएम, आणि पाय सावकाश खाली. भाराची परीक्षा ती. घरी येऊन तोच स्प्रे पुन्हा. ओल्यातही काउंटर शून्य राहिला तर काम झालं. सहांतल्या एकाचा जरी वाढत राहिला तर आणखी पार्ट मागवू नका. कोणत्या सिलिंडरचा, किती आरपीएमला, गरम की गार, ओलं की कोरडं, एवढं लिहून पाठवा. मी तिथून पुढे सांगतो.

जुन्यांपैकी ज्या चार कॉइल धड निघतील त्यांच्यावर मार्करने नंबर आणि तारीख टाकून पुढच्या डिक्कीत ठेवा, ५ च्या एलनसकट. आणि वॉशिंग सेंटरवरच्या पोराला बजावा की प्रेशर गन मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला मारायची नाही. तो मान हलवेल आणि तरी मारेल, तेव्हा शेजारी उभे राहा.